बाटलीच्या झाकणांची साडी

कोयरी काढायला सोपी वाटते, पण सहज जमत नाही. खालचे पोट नीट गोल येते, वर जाऊन शेंडा वळवताना हात चुकतो, आणि शेंडा चुकला की तिचे वांगे होते. मी मराठीची शिक्षिका, चित्रकला माझा विषय कधीच नव्हता. तरी आमच्या खान्देशात बाईच्या जातीला कोयरी यावीच लागे. दारातल्या रांगोळीत कोयरी, मेंदीत कोयरी, लुगड्याच्या पदरावर कोयरी, आणि देवघरात हळदीकुंकवाचा करंडा तोही कोयरीच्याच आकाराचा. माझ्या आईची पितळी कोयरी अजून माझ्याकडे आहे. झाकण जरा ढिले झाले आहे, एवढेच.

या कोयरीला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे? पेझली. हे गाव आहे, तिकडे स्कॉटलंडात, ग्लासगोजवळ. काश्मीरच्या शाली कंपनीच्या काळात विलायतेला गेल्या, तिथल्या श्रीमंत बायकांना वेड लागले, पण त्या परवडणाऱ्या नव्हत्या. मग पेझलीच्या विणकरांनी मागावर त्यांच्या नकला विणायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर लाखोंनी कोयऱ्या निघाल्या असतील. काश्मीरच्या विणकराला एका शालीला महिनेच्या महिने लागत, तिकडच्या मागावर ती झटपट होई आणि स्वस्तात विकली जाई. पुढे १८७० नंतर फॅशन पालटली आणि धंदा इकडेही बसला, तिकडेही बसला. गावाचे नाव मात्र नक्षीला कायमचे चिकटले. आज आपल्याच मुली दुकानात जाऊन 'पेझली प्रिंट दाखवा' म्हणतात. वस्तू गेली तर परत आणता येते, नाव गेले की ते परत आणणे कठीण.

तुम्ही म्हणाल, बाई आज हे कोयरीपुराण कशासाठी लावून बसल्या? सांगते.

माझी भाची मुंबईला चित्रकलेचे शिक्षण घेत होती. ती सुट्टीत आली की तिच्या संगणकावर मला काहीबाही दाखवी. पुष्कळसे मला कळत नसे आणि मी तसे तोंडावर सांगत असे. एकदा तिने एका साडीचे छायाचित्र उघडले. मला वाटले, जरीकामाची भारी साडी आहे, कोयऱ्यांची नक्षी आहे, लग्नाबिग्नाची असावी. ती म्हणाली, "मावशी, नीट बघ." तिने चित्र मोठे केले. ती साडी कापडाची नव्हतीच. कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे, एकाला एक कड्यांनी जोडलेली. लांबच लांब, काठ-पदर असलेली, कोयरीची नक्षी असलेली साडी!

ही शर्मिला सामंत यांची कलाकृती. सामंत मुंबईच्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. १९९९ च्या सुमारास त्यांनी ही साडी केली आणि तिला इंग्रजीत नाव दिले 'अ हँडमेड सारी', म्हणजे हाताने केलेली साडी. त्याच सुमारास तुषार जोग आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी 'ओपन सर्कल' नावाचा कलावंतांचा गट मुंबईत उभा केला. चित्रे दिवाणखान्यात टांगण्यापुरती नसतात, रस्त्यावरच्या प्रश्नांशी त्यांचा संबंध असतो, असे मानणारी ही मंडळी. (तुषार जोग २०१८ मध्ये गेले.) अशा मांडणीच्या कलेला 'इन्स्टॉलेशन' म्हणतात. मी त्याला 'मांडणी' म्हणते. आमच्याकडे कानबाईची मांडणी करतात, गौरीची करतात, तसाच हा शब्द मला सोयीचा वाटतो.

ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आलेला नाही. छायाचित्रेच पाहिली. पण गेली कित्येक वर्षे ती डोक्यातून जात नाही, म्हणून हा प्रपंच.

त्या काळाची थोडी उजळणी करू. १९७७ साली जनता सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परदेशी कंपन्यांनी इथल्या कंपनीतला आपला हिस्सा कमी करावा असा कायदा होता, कोका-कोलाला तो मान्य झाला नाही आणि तिने गाशा गुंडाळला. सरकारने 'डबल सेव्हन' नावाचे स्वतःचे पेय काढले, ते फारसे कुणाच्या जिभेवर बसले नाही. मग थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांचे राज्य आले. आमच्या पाचोऱ्याला त्याआधीपासून गोटी सोड्याच्या गाड्या होत्याच. १९९३ मध्ये कोका-कोला परत आला आणि आल्या आल्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही तिन्ही नावे विकत घेऊन मोकळा झाला. सहा वर्षांत त्याच्या झाकणांची साडी विणता येईल इतकी झाकणे मुंबईच्या रस्त्यावर पडू लागली.

आमच्याकडेही पडतच होती. शाळेसमोरच्या टपरीखाली लाल झाकणांचा थर असे. मुले ती गोळा करत, रुळावर ठेवून पी. जे. गाडीखाली चपटी करत, दोन भोके पाडून दोऱ्याच्या भिंगऱ्या करत. (पी. जे. म्हणजे पाचोरा-जामनेर, आमची नॅरोगेज. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. तिच्यावर स्वतंत्र लिहायचे आहे.) म्हणजे मुलांनी त्यांचा खेळ केला आणि एका बाईने त्यांची साडी केली. वस्तू तीच.

साडीच का? मी शेजारच्या एका मावशींना ते छायाचित्र दाखवले. कष्टाळू बाई, आयुष्यभर शेतात कापूस वेचला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, "हाई लुगडं शे? नेसानं कसं वो बाई?" आणि मग थोड्या वेळाने, "वजन कितलं व्हई!"

मला वाटते, या दोन वाक्यांत कुठल्याही समीक्षकाने लिहिले नसेल इतके आले आहे. हे लुगडे नेसता येत नाही. नेसलेच तर चालता येणार नाही, बसता येणार नाही, कातडीला झाकणांचे दाते लागतील. आणि तरी ते दिसते कसे? सुंदर. नेसावेसे वाटेल असे. लांबून मोहात पाडायचे आणि अंगाला लागले की ओरखडायचे. बाजाराचे हे रूप एखाद्या बाईला चार पानी निबंधात सांगता आले नसते ते तिने कोयरीत सांगितले.

कड्यांबद्दलही एक सुचते. मराठीत कडी हा शब्द दागिन्यालाही लागतो, दारालाही लागतो आणि साखळदंडालाही लागतो. शर्मिलाताईंच्या मनात हे होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण मराठी माणसाने ती साडी पाहावी आणि त्याला कडी म्हटल्यावर बेडी आठवू नये, हे अवघड.

आणि नाव पाहा, 'हाताने केलेली'. हातमागाच्या प्रदर्शनात 'हाताने विणलेली' असा कागद लावला की किंमत वाढते. इथे हाताने केले आहे ते फक्त जोडकाम. धाग्याच्या जागी आला आहे यंत्रातून कोट्यवधींनी बाहेर पडणारा पत्रा, त्यावर कंपनीचे नाव छापलेले. पेझलीच्या गोष्टीत मागाने कोयरी पळवली होती. इथे एका बाईने यंत्राचाच माल उचलून त्याची पुन्हा कोयरी केली. शंभर-सव्वाशे वर्षांनी हिशेब उलटा फिरवल्यासारखे मला हे वाटते. पण हा सूड गोड नाही. कारण कोयरी परत आली तरी कापड परत आलेले नाही.

कापडाचे दुःख आम्हा खान्देशातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. काळी जमीन, कापसाचे पीक. पाचोऱ्याच्या बाजारात हंगामात गाड्याच गाड्या. आणि कापसाच्या जोडीला गिरण्या होत्या. अंमळनेरची प्रताप मिल होती, धुळ्याला होती, चाळीसगावला होती. अंमळनेरच्या गिरणी कामगारांमध्ये साने गुरुजी वावरले, हे आम्ही वर्गात शिकवत आलो. जळगावला स्टेशनजवळ खान्देश मिल होती. या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. खान्देश मिलच्या जागेवर 'खान्देश सेंट्रल' नावाचे मॉल उभे राहिले. कापूस आमचा, गिरणी आमची, कामगार आमचा, आणि त्याच जागेवर आता दुसरीकडून आलेले कपडे विकत घ्यायला आम्ही जायचे आणि दमलो की थंड पेय प्यायचे! सामंतांनी जळगाव डोळ्यांपुढे ठेवून साडी केली नव्हती. त्या मुंबईच्या, आणि मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. पण चांगल्या कामाचे असेच असते, ते आपापल्या गावाला जाऊन लागते.

आणखी एक. पुढे २००२ पासून केरळात पलक्कड जिल्ह्यातल्या प्लाचीमडा गावात कोका-कोलाच्या कारखान्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. विहिरींचे पाणी आटले आणि नासले अशी तक्रार होती, आणि पुढे होत्या आदिवासी बायका, डोक्यावर घागरी घेऊन मैलोगणती जाणाऱ्या. २००४ मध्ये तो कारखाना बंद पडला. साडी त्याच्या आधीची आहे. भविष्य वगैरे मी मानत नाही, पण बाईच्या अंगावरच्या वस्त्रात बाटलीचे झाकण आणून बसवणाऱ्या बाईला काहीतरी आधी दिसले होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता उलट बाजू. भाचीचा एक मित्र, तोही चित्रकार, माझ्याशी बराच वाद घालून गेला. त्याचे म्हणणे असे की नक्षी आली की टीका बोथट होते. लोक 'किती छान, किती कलात्मक' म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे जातात. शिवाय ही साडी लागणार कुठे, तर परदेशातल्या संग्रहालयात किंवा एखाद्या वातानुकूलित दालनात, जिथे त्याच कंपनीचे पेय पेल्यात घालून फिरवत असतील. आणि कंपन्यांना काय कोयरी काढता येत नाही? दिवाळीत त्यांच्या जाहिराती पाहा, रांगोळी, पणत्या, मेंदीचे हात, सगळे असते.

यातला शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे आणि मला तो बराच काळ छळत होता. नक्षी कुणाच्याही घरी पाणी भरते. मग फरक कुठे?

मी माझ्यापुरता तो असा लावला. जाहिरातीतली कोयरी हाताला लागत नाही. तिला धार नाही. ती तुम्हाला जसे आहात तसेच सोडून देते, उलट थोडे खूश करून सोडते. साडीच्या कोयरीला दाते आहेत. त्या शेजारणीला पहिला प्रश्न पडला तो 'नेसायचे कसे' हा. जाहिरात पाहून हा प्रश्न कुणाला पडत नाही. जी नक्षी वापरायला गेल्यावर अडते, तिथे टीका सुरू होते, असे मी म्हणेन. नुसत्या रंगसंगतीने ती होत नाही आणि नुसत्या घोषणेनेही होत नाही.

जगात आणखीही काही जण या वाटेने गेलेले दिसतात. आफ्रिकेत घानाचे एल अनातसुई, जन्म १९४४ चा, आयुष्य गेले नायजेरियातल्या न्सुका गावी शिकवण्यात. (शिक्षक म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी.) त्यांनीही दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे तांब्याच्या तारेने शिवून भिंतभर वस्त्रे केली, जवळपास त्याच काळात. विलायती दारू आफ्रिकेत गुलामांच्या व्यापाराबरोबर आली, हे त्या झळाळीच्या मागे आहे. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. आणि लाहोरचे इम्रान कुरेशी. ते लघुचित्रशैलीतले चित्रकार. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर त्यांनी लाल रंग ओतला. वरून पाहिले तर रक्त सांडलेले, वाकून पाहिले तर त्या थारोळ्यात मोगल चित्रांतल्यासारख्या नाजूक पाकळ्या. लोक त्यावरून चालत होते. पाकळीवर पाय द्यावा की नाही, या विचाराने क्षणभर जरी कुणी थबकले असेल तर चित्राचे काम झाले.

पण इतक्या लांब कशाला जायचे? आमच्या पाचोऱ्याहून अजिंठा काही फार दूर नाही. शाळेच्या सहली आम्ही पी. जे. ने पहूरला उतरून नेत असू. सगळी पोरे पद्मपाणीपुढे उभी राहत, छताकडे कुणी पाहत नसे. छत म्हणजे नुसती नक्षी, असा समज. पण पहिल्या लेण्याच्या छतावर कमळे, हंस, फळे, वेलबुट्टी यांच्या मधोमध परदेशी माणसे बसलेली आहेत. टोकदार टोप्या, वेगळे अंगरखे आणि हातात पेले! दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने बाहेरून आलेल्या या पाहुण्यांना वेलबुट्टीच्या चौकटीत बसवून टाकले. कौतुकाने की थट्टेने, विद्वान सांगोत. मी मुलांना एवढेच म्हणे, मान वर करा, तिथे नुसती नक्षी नाही.

आणि बायकांनी तर हे कायमच केले. आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात. सजवतात, टिपऱ्या खेळतात, खाऊ ओळखायला लावतात. वरून सगळी गंमत. पण गाणी ऐका. सासूने माहेरी जाऊ दिले नाही, नणंदेने चहाडी केली, सगळे त्यात आहे, तेही हसत हसत, ठेक्यात, सासूच्या दारात उभे राहून. सरळ भाषेत बोलली असती तर त्या सुनेचे काय झाले असते? ठेका होता म्हणून दारात उभे राहता आले.

रांगोळीचेही तेच. दारात रांगोळी नसली की रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता कळते, या घरात काहीतरी घडले आहे. २०१९ च्या डिसेंबरात, महिना संपत आला असताना, चेन्नईच्या बेझंट नगरात काही तरुणांनी, त्यात मुली बऱ्याच होत्या, नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीच्या विरोधात रस्त्यावर कोलम काढले, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. त्या कायद्याबद्दल तुमचे मत काहीही असो. मला आश्चर्य वाटले ते एवढ्याचे की जी गोष्ट आपण 'बायकांचे सकाळचे काम' म्हणून ओलांडून जातो ती पोलिसांनी थांबून वाचली! दुसऱ्या दिवसापासून अनेक घरांसमोर तशीच कोलम उमटली.

आता मूळ दुखण्यावर येते.

आपल्या शाळांत नक्षी शिकवतात कशी? शासनाच्या रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात संकल्पचित्राचा पेपर. एक चौकोन किंवा वर्तुळ आखून घ्यायचे, त्यात पाने, फुले, कोयऱ्या बसवायच्या, रंग सपाट भरायचा, कडेबाहेर जाऊ द्यायचा नाही. हाताला शिस्त लागते, यात वाद नाही. पुढे दहावीला वाढीव गुणही मिळतात, म्हणून हल्ली गर्दी असते. पण 'संकल्प' या शब्दाचा त्यात पत्ता नाही. जागा रिकामी राहू नये म्हणून जे भरायचे ते म्हणजे नक्षी, एवढेच मूल शिकून बाहेर पडते.

आणि मग 'सामाजिक संदेश' द्यायचा झाला की रांगोळी स्पर्धा. विषय ठरलेले. 'मुलगी वाचवा', 'पाणी वाचवा', 'मतदान करा'. कमळाच्या पाकळीत गोंडस बाळ, वर अक्षरे, खाली पणत्या. पाहुणे येतात, फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. आमच्या जळगाव जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८४२ झाल्या. राज्यात बीडनंतर आमचा नंबर. या दहा वर्षांत जिल्ह्यातल्या शाळांनी मुलगी वाचवण्याच्या किती रांगोळ्या काढल्या असतील! रांगोळीने मुलगी वाचत नाही, हे मलाही कळते. पण ज्या रांगोळीपुढे उभे राहून, ज्याने कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन चौकशी केली तो बाप, ती सासू, तो डॉक्टर, सगळे 'वा, छान' म्हणू शकतात, ती रांगोळी कुणाशी बोलते आहे?

एका शाळेतल्या अशा स्पर्धेला मी परीक्षक होते. आम्ही तिघे होतो. नववीतल्या एका मुलीने ठिपक्यांची रांगोळी काढली होती. बाळ नाही, अक्षरे नाहीत. मोठे रिंगण, त्यात ओळीने कोयऱ्या, एकसारख्या, शेंडे छान वळवलेले. फक्त मधूनमधून एखाद्या कोयरीच्या जागी नुसते ठिपके. टाकलेले, पण जोडलेले नाहीत. दोन-चार ठिकाणी असे.

माझ्या सोबतच्या परीक्षकांनी तिला विचारले, "रांगोळी संपली का गं?"

"नाही सर."

"मग वेळ पुरला नाही?"

"पुरला सर."

त्यापुढे ती काही बोलली नाही. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. इतर दोघांनी 'अपूर्ण' असा शेरा मारून कमी दिले, बेरीज केल्यावर ती पाचवी आली. पहिला नंबर पाकळीतल्या बाळाला मिळाला. निकालानंतर मैदानात गर्दी पाकळीतल्या बाळाभोवती होती. पण त्या रिंगणाशी खेड्यावरून आलेली एक आजी उभी होती. कुणाची आजी कोण जाणे. ती बोटाने त्या न जोडलेल्या जागा मोजत होती. मोजून झाल्यावर तिने पदर डोळ्याला लावला आणि नातीला हाक मारत निघून गेली.

शर्मिला सामंतांची साडी मला पहिल्या दिवसापासून ओळखीची का वाटली, ते या मुलीमुळे. त्या मुलीने कधी संग्रहालय पाहिले नव्हते. इन्स्टॉलेशन हा शब्द तिने ऐकला असण्याची शक्यताच नाही. पण नक्षी कुठे पूर्ण करायची आणि कुठे अडवायची, हे तिला कळले होते. भाचीच्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण काकू, तिघांपैकी दोघांना कळलेच नाही ना!" बरोबर आहे त्याचे. मात्र त्या दोघांना पाकळीतले बाळ तरी कुठे कळले होते? त्यांनी ते वाचले, एवढेच.

परवा एका शाळेतून फोन आला. नवरात्रात रांगोळी स्पर्धा आहे, बाई, विषय सुचवा. मी म्हटले, विषय एकच ठेवा, आपल्या गल्लीत सर्वांना दिसते पण कुणी बोलत नाही असे काहीही. अट एवढीच की अक्षर एकही लिहायचे नाही, माणसाचे चित्र काढायचे नाही, फक्त ठिपके आणि रेघा. तिकडच्या बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "मग परीक्षकांना कळणार कसं हो बाई?" मी म्हटले, दोन शिक्षकांबरोबर त्याच गल्लीतल्या दोन बायका परीक्षक म्हणून बसवा, साठीच्या पुढच्या, शिकलेल्या नसल्या तरी चालतील. मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाल्या. अजून फोन आलेला नाही.